उत्तर उणे २१७ येतंय! फोटोइलेक्ट्रिकच्या गणितात ज्यूल, इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि किलोज्यूल प्रति मोलचा घोळ

सोनाका_बागवाला (तासगाव तालुका, जि. सांगली), रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न पोरीचा आहे, पण अडकलोय दोघंही. ती अकरावी सायन्सला, सांगलीत विश्रामबागला होस्टेलवर. मी इकडं द्राक्षबागेत. रात्री जेवण झालं की ती फोन करते आणि न सुटलेलं गणित व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, कारण बापानं कधीकाळी विलिंग्डन कॉलेजात बी.एस्सी. केमिस्ट्री केलंय हे तिनं अजून मनावर घेतलंय. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. मधल्या काळात माझी केमिस्ट्री म्हणजे फवारणीचं बोर्डो मिश्रण आणि मणी फुगवायचं जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड), एवढीच.

गणित असं: पोटॅशियमच्या पृष्ठभागावर ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पडतो. पोटॅशियमचं वर्क फंक्शन, म्हणजे धातूतून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी कमीत कमी ऊर्जा, २.२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त गतिज ऊर्जा किलोज्यूल प्रति मोलमध्ये काढा. पुढच्या गणितात त्याच इलेक्ट्रॉनचा वेग विचारलाय.

मी काय केलं ते लपवत नाही. प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग भागिले तरंगलांबी, म्हणजे फोटॉनची, प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा ४.९७ × १०^-१९ ज्यूल. त्यातून वर्क फंक्शन वजा केलं की उरते ती गतिज ऊर्जा. इथवर ठीक. उत्तर किलोज्यूल प्रति मोलमध्ये मागितलंय म्हणून वर्क फंक्शन आधीच तिकडं नेऊन ठेवलं. मोबाईलवर शोधलं तर १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे ९६.४८५ किलोज्यूल प्रति मोल असं मिळालं. २.२५ नं गुणलं, २१७ आलं. मग ४.९७ × १०^-१९ मधून २१७ वजा. कॅल्क्युलेटर म्हणतोय उणे २१७. अगदी बरोब्बर उणे २१७, म्हणजे बिचाऱ्या फोटॉनचा त्या वजाबाकीत काही हिशोबच लागला नाही. पोरगी म्हणाली, "पप्पा, तुमचा इलेक्ट्रॉन बाहेर यायच्या ऐवजी आत घुसला."

तिनं वेगळं केलं. २.२५ ला १.६ × १०^-१९ नं गुणून ३.६ × १०^-१९ ज्यूल काढले, फोटॉनमधून वजा केले, १.३७ × १०^-१९ उरले. त्याला अ‍ॅव्होगॅड्रोच्या आकड्यानं (एका मोलमधले कण, ६.०२२ × १०^२३) गुणलं आणि उत्तर लिहिलं ८२,५०१ किलोज्यूल प्रति मोल. नोट्समध्ये उत्तर आहे ८२.०.

अजून एक शंका. तिच्याच पुस्तकात मागं पोटॅशियमची आयनीभवन ऊर्जा ४१९ किलोज्यूल प्रति मोल दिलीय. इथं इलेक्ट्रॉन काढायला २१७ च पुरतात. एकच धातू, एकच इलेक्ट्रॉन, मग निम्म्या भावात कसा सुटतो?

हिशोबाला मी कच्चा नाही, एवढं सांगून ठेवतो. एक ग्रॅम जीए शंभर लिटरला म्हणजे दहा पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), हे झोपेत विचारलं तरी सांगीन. आत्ता डिपिंग, म्हणजे घड जीएच्या पाण्यात बुडवायचं काम, चालू आहे, रोज तेच करतोय. पावडर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायची, मग पाण्यात. तिथं एक शून्य इकडचं तिकडं झालं तर घडाचा देठ नुसता जाड होतो आणि वर्ष हातचं जातं. म्हणून उणे २१७ जास्तच लागलंय मनाला.

थ्री फेजची लाईट रात्रीची आहे, मोटर चालू करून शेडात बसलोय. सवडीनं सांगा.

कराडचा_कॅल्क्युलेटर, रात्री ९:२६

काका, १२४० लक्षात ठेवा, बाकी सगळं सोडा. १२४० भागिले ४०० म्हणजे ३.१. वजा २.२५ म्हणजे ०.८५. गुणिले ९६.५ म्हणजे ८२. झालं. सीईटीत याच्यापेक्षा जास्त वेळ मिळत नाही.

सोनाका_बागवाला, रात्री ९:३१

पोरा, उत्तर जुळलं, पण ते १२४० आलं कुठून? आमच्याकडं कृषी सेवा केंद्रवालाबी असंच सांगतो, "हे मारा, काय होतंय बघा." मी मारत नाही. बाटलीवर आत काय आहे ते वाचल्याशिवाय मी पंपात काय ओतत नाही.

निवृत्त_रसायन_बाई (सातारा), रात्री ९:५८

सोनाकावाले, आधी मुलीला सांगा की तिची वाट बरोबर होती. ती शेवटच्या पायरीवर घसरली. तुम्ही मात्र पहिल्याच.

एकतीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं. उत्तरापुढं एकक नसलं की मी अर्धा मार्क कापायचे आणि मुलं मागं म्हणायची, बाई चिंगूस आहेत. पण या धड्यात नुसतं एकक लिहूनही भागत नाही. "प्रति काय?" हेही लिहावं लागतं. ज्यूल आणि इलेक्ट्रॉन-व्होल्ट ही दोन्ही मापं इथं आपण एका फोटॉनची, एका इलेक्ट्रॉनची ऊर्जा सांगायला वापरतो. एकच वजन ग्रॅममध्ये सांगितलं काय किंवा तोळ्यात सांगितलं काय. किलोज्यूल प्रति मोलची जातच वेगळी. तो आकडा एकाचा नसतो, ६.०२२ × १०^२३ जणांचा एकत्र असतो.

तुमच्याकडं द्राक्षाचा दर चार किलोच्या पेटीला बोलतात ना? तुम्ही एका मण्याच्या किमतीतून अख्ख्या पेटीचा दर वजा केलात. मग उत्तर उणे पेटी येणारच, मण्याचं काय दिसतंय त्यात!

तुमचं गणित तुमच्याच पद्धतीनं सुटतं, फक्त फोटॉनलाही पेटीत भरायला हवं होतं. ४.९७ × १०^-१९ गुणिले ६.०२२ × १०^२३ म्हणजे सुमारे २,९९,००० ज्यूल, म्हणजे २९९ किलोज्यूल प्रति मोल. त्यातून २१७ गेले, ८२ राहिले. बघा, उत्तर तुमच्या हातातच होतं.

आता ९६.४८५. तुम्ही बी.एस्सी. केलंय म्हणता, तर विद्युत अपघटनाच्या गणितांत ९६,५०० हा आकडा घोकला असणार. फॅरडे! तोच हा. एका इलेक्ट्रॉनवरचा प्रभार १.६०२ × १०^-१९ कूलोम, तो एक व्होल्टमधून गेला की मिळणारी ऊर्जा १.६०२ × १०^-१९ ज्यूल, हाच एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्याला अ‍ॅव्होगॅड्रोनं गुणा, ९६,४८५ येतात. प्रभाराचा विचार केला तर कूलोम प्रति मोल, ऊर्जेचा केला तर ज्यूल प्रति मोल. हजारानं भागून ९६.४८५ किलोज्यूल. दोन धड्यांत दोनदा पाठ करायची गरज नाही. मला स्वतःला हे नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी, फळ्यावर लिहिता लिहिता दिसलं आणि वर्गासमोर उगाच हसू आलं होतं.

१२४० सुद्धा जादू नाही. प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग हा गुणाकार प्रत्येक गणितात तोच असतो, १.९८६ × १०^-२५ ज्यूल-मीटर. ज्यूलचे इलेक्ट्रॉन-व्होल्ट करायला १.६०२ × १०^-१९ नं भागा, मीटरचे नॅनोमीटर करायला १०^९ नं गुणा. १२३९.८ येतात, आपण १२४० म्हणतो. कराडकर, हे एकदा स्वतःच्या हातानं काढ आणि मग खुशाल वापर. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये असेल तरच, हे विसरू नकोस. अँगस्ट्रॉममध्ये दिली असेल तर १२,४००. मुलं हमखास तिथं आपटतात.

मुलीचं उत्तर. ८२,५०१ हा आकडा ज्यूल प्रति मोल आहे. तिनं पुढं "किलो" लिहिलं पण हजारानं भागलं नाही, एवढंच. पण अशी चूक पकडायची कशी, ते सांगा तिला. एक मोल मिथेन, तुमच्या गोबरगॅसमध्ये असतो तोच, पूर्ण जळला तर ८९० किलोज्यूल देतो. नुसता जांभळा उजेड पाडून ८२,००० किलोज्यूल मिळाले असते तर गॅसच्या टाक्या कुणी बांधल्या असत्या? डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाचा फोटॉन साधारण पावणेदोन ते तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. मोलमध्ये म्हणाल तर १७० ते ३०० किलोज्यूल, ज्यूलमध्ये ३ ते ५ × १०^-१९. ही तिन्ही मापं तोंडावर असली की उत्तर लांबूनच ओळखू येतं.

राहिलं ८२.५ आणि ८२.०. हे मला जास्त आवडतं. तिनं प्रकाशाचा वेग ३ × १०^८ घेतला, खरा थोडा कमी, २.९९८. म्हणून फोटॉन किंचित जड झाला. इलेक्ट्रॉन-व्होल्टला १.६०२ च्या जागी १.६ घेतलं, म्हणून वर्क फंक्शन किंचित हलकं झालं. मोठ्यातून वजा करायचं तर मोठा आणखी मोठा आणि लहान आणखी लहान, दोन्ही चुका एकाच बाजूला ढकलतात. आकडे नीट घेतले की ४.९६६ मधून ३.६०५ गेले, १.३६१ उरले, आणि उत्तर ८२.० च येतं. जवळजवळच्या दोन आकड्यांची वजाबाकी करायची असेल तर आधी आकडे ढोबळ करून घेऊ नयेत. म्हणून मी वजाबाकी इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये करायला लावायचे. ३.१० वजा २.२५. घातांक नाहीत, चुकायला जागा कमी.

सोनाका_बागवाला, रात्री १०:१४

बाई, पेटीचं डोक्यात बसलं ते बसलंच. फक्त एक दुरुस्ती सुचवतो, रागावू नका. मणी सरासरी चार ग्रॅमचा धरला तर चार किलोत हजार मणी. पेटीला दोनशे रुपये धरले तर मण्याला वीस पैसे. म्हणजे मी वीस पैशांतून दोनशे रुपये वजा करत होतो. व्यापारी असं करायला लागला तर मी त्याला बांधावर उभा करणार नाही.

पोरीला फोनवर वाचून दाखवलं. हजारानं भागायचं राहिलं हे तिला तोवर कळलं होतं म्हणे. खरंखोटं तिचं तिला माहीत.

९६,५०० चं ऐकून मात्र गप्पच झालो. कॉपर सल्फेटच्या द्रावणात पट्ट्या बुडवून वजनं केली होती आम्ही, तेव्हा लिहिलेला आकडा आहे हा. परत भेटंल असं वाटलं नव्हतं.

४१९ चं कोण सांगतंय?

मिरजेची_प्रयोगशाळा, रात्री १०:२९

ते मी सांगते. तुम्ही म्हणताय "एकच इलेक्ट्रॉन", तिथंच फरक आहे. ४१९ किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे ४.३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ही ऊर्जा एकट्या सुट्या अणूची. पोटॅशियमची वाफ केलेली, प्रत्येक अणू दुसऱ्यापासून लांब, आणि त्याचा एक इलेक्ट्रॉन ओढून काढायचा. वर्क फंक्शन हे घन धातूच्या तुकड्याचं असतं. तिथं बाहेरचे इलेक्ट्रॉन कुठल्या एका अणूचे राहिलेलेच नसतात, सगळ्या तुकड्याचे सामाईक असतात. म्हणून बाहेर काढायला कमी पुरते. ४१९ आणि २१७ दोन्ही बरोबर, पण एकाच्या जागी दुसरा वापरला की संपलं. प्रश्नात "वायुरूप अणू" लिहिलंय की "पृष्ठभाग" लिहिलंय, ते बघायचं.

आणखी एक. पोटॅशियमचं वर्क फंक्शन कुठं २.२५ मिळेल, कुठं २.३०. घाबरायचं नाही. धातूचा पृष्ठभाग किती स्वच्छ, कसा कापलेला, यावर ते थोडं हलतं. मिलिकननं १९१६ मध्ये आइन्स्टाइनचं १९०५ चं समीकरण तपासलं तेव्हा निर्वात नळीच्या आतच धातू सुरीनं खरवडायची सोय केली होती, कारण हवा लागली की पृष्ठभाग खराब. गणितात जे दिलंय ते घ्यायचं, गूगलवरचं नाही.

पोरीला आत्ताच सांगून ठेवा, फिजिक्समध्ये हेच गणित "स्टॉपिंग पोटेन्शियल" म्हणून येईल. गतिज ऊर्जा ०.८५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल तर थांबवायला ०.८५ व्होल्ट लागतात. आकडा तोच, पण एक ऊर्जा आणि दुसरा विभव. उत्तरात इलेक्ट्रॉन-व्होल्ट लिहायचं की व्होल्ट, यावर आमच्या वर्गात निम्म्यांचे मार्क गेले होते. माझेही.

कराडचा_कॅल्क्युलेटर, रात्री १०:४१

बाई, १२४० काढून बघितला, १२३९.९ आला. सॉरी काका, मघाशी घाईत लिहिलं.

वेगाचं राहिलंय ना? तिथं इलेक्ट्रॉन-व्होल्ट चालत नाही, ज्यूलमध्येच यावं लागतं, कारण वस्तुमान किलोग्रॅममध्ये आहे. ०.८५ गुणिले १.६०२ × १०^-१९ म्हणजे १.३६ × १०^-१९ ज्यूल. दुप्पट करून ९.१०९ × १०^-३१ नं भागलं, वर्गमूळ घेतलं, ५.४७ × १०^५ मीटर प्रति सेकंद.

आता गंमत. बाईंनी पेटीचं सांगितलं म्हणून मी पेटीतच करून बघितलं. ८२.० किलोज्यूल प्रति मोल घेतले आणि वस्तुमान पण एका मोल इलेक्ट्रॉनांचं घेतलं. ते येतं ५.४९ × १०^-७ किलो, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. दुप्पट ८२,००० ज्यूल भागिले ते, वर्गमूळ. परत ५.४७ × १०^५! पेटीचा भाव आणि पेटीचं वजन. मण्याचा भाव आणि मण्याचं वजन. मिसळ केली नाही की कुठूनही जा.

निवृत्त_रसायन_बाई, रात्री १०:४९

हे मी एकतीस वर्षांत एकदाही फळ्यावर करून दाखवलं नव्हतं. अर्धा मिलिग्रॅम! कराडकर, कुठल्या कॉलेजात आहेस ते सांगू नकोस, पण तुझ्या सरांना हे दाखव.

सोनाकावाले, मुलीला अजून एक काढायला सांगा: कुठल्या तरंगलांबीपर्यंत पोटॅशियममधून इलेक्ट्रॉन निघतील? १२४० भागिले २.२५, ५५१ नॅनोमीटर. हिरव्याची पार पिवळ्याला टेकलेली कड. त्यापुढं तांबड्या दिव्यांची माळच्या माळ लावली तरी एक इलेक्ट्रॉन हलणार नाही. तिथं पेटीनं काम भागत नाही बरं का. प्रत्येक मण्यानं आपापलं भागवायचं असतं.

सोनाका_बागवाला, रात्री ११:२०

५५१ तिला एका दमात आलं.

वेगाच्या गणितावर मात्र अर्धा तास भांडण झालं. तिचं ५.४७ × १०^५, कराडच्या पोराचं तेच, आणि नोट्समध्ये छापलंय नुसतं ५४७. पुढं काही नाही, मागं काही नाही. मी म्हटलं नोट्स चुकल्या, सोडून दे, झोप आता. फोन ठेवला, व्हॉल्व्ह बदलायला दुसऱ्या प्लॉटवर गेलो. बॅटरी तोंडात धरून व्हॉल्व्ह फिरवतोय तोवर परत फोन.

"पप्पा, किलोमीटर आहे ते. किलोमीटर प्रति सेकंद."

मी हिशोब केला. बरोबर आहे. बाई, त्या नोट्स छापणाऱ्याचा अर्धा मार्क तुम्हीच कापा. लाईट बाराला जाणार, तोवर या प्लॉटचं पाणी पुरं करतो.